मामा, गोळ्यांची डबी देवीला वाहू नका

बंगळूर,
पाडव्याच्या आदल्या दिवशी

तीर्थरूप धोंडूमामा,

बागेत असाल, ओटीवर असाल नाहीतर पंपाच्या खोलीत रेडिओ लावून आडवे झाला असाल, जिथे असाल तिथे भाच्याचा नमस्कार पोचो. तब्येत कशी आहे असं विचारायची रीत आहे, पण तुमची तब्येत मला मामीकडून तुमच्याही आधी कळते, त्यामुळे रीत पुरी झाली असं धरा. बकुळामामीच्या गुडघ्यांना, रियाच्या परीक्षेला, भावेशच्या नव्या बाइकला आणि पंपाजवळच्या त्या वाकड्या चिकूच्या झाडाला माझी आठवण सांगा. माझी तब्येत उत्तम आहे. (उत्तमबद्दल शेवटी थोडं लिहिलं आहे.) तुम्हाला हल्ली अक्षरं पुसट दिसतात म्हणून पत्र भावेशच वाचून दाखवणार हे मला माहीत आहे. तर भावेश, घसा साफ कर, सावकाश वाच, आणि जिथे मी कंस घातलाय तो कंस आधी मनात वाचून मग ठरव.

आता, आजच्या काळात भाचा पत्र का लिहितो म्हणाल, तर दोष फोनचा नाही, तुमचा आहे. मामा, तुमच्याशी फोनवर पूर्ण बोललेला माणूस अख्ख्या चिखल्यात नाही. तिसरं वाक्य सुरू झालं की तुमचं 'बरं, ठेव' येतं आणि टूं टूं सुरू. कुणी मेल्याचं सांगायचं असलं तर कोण मेलं ते आधी सांगावं लागतं, नाहीतर तुम्ही भलत्याच घरी जाऊन बसाल. पत्राला 'बरं, ठेव' म्हणता येत नाही. म्हटलंत तरी उचलून परत वाचता येतं. आणि यावेळी मला शेवटपर्यंत बोलायचंच आहे, कारण मामीचा फोन आला की तुम्ही बोललात, "साखर उतरली, आता विवळवेढ्याच्या जत्रेला जाईन, गोळ्यांची डबी महालक्ष्मीच्या पायाशी ठेवीन आणि मोकळा होईन." मामा, ती डबी ठेवू नका. हे पत्र एवढ्यासाठीच आहे. बाकीचं सगळं तुम्हाला पटावं म्हणून आहे, पण बाकीचं इतकं भारी आहे की मला आठ दिवस झोप नाही!

सुरुवातीपासून सांगतो. सुरतेचं काम सोडलं ते तुम्हाला माहीत आहे. वापीचं सोडलं तेही माहीत आहे. गोव्याच्या हॉटेलातलं मी सोडलं नव्हतं, त्यांनी मला सोडलं. (मामीला वेगळं सांगितलंय, तेच राहू द्या.) इथे बंगळुरात एका मोठ्या दवाखान्यात लागलो. इथे साखरेच्या रोगावर शोध चालतात. मी स्वयंपाकघरात. काम असं की प्रयोगाला आलेल्या माणसांच्या ताटात भात किती, डाळ किती, सगळं काट्यावर तोलून द्यायचं. आठवी नापास माणसाला याहून चांगलं काम नाही, नापास करायला कोणी नाही. पण रोज ताटं तोलून तोलून माझ्या मनात यायला लागलं, की बाबा हे ताट त्या दाराच्या आत जातं आणि पुढे काय होतं? आणि तुम्हाला माझा स्वभाव ठाऊक आहे, बंद दार दिसलं की मला खाज सुटते. त्यातच एक दिवस बोर्ड लागला, प्रयोगाला तरुण माणसं हवीत. मी हातातला चमचा ठेवला आणि नाव देऊन आलो.

तिथली मोठी डॉक्टर कोण निघावी? दक्षाबेन! उंबरगावची! म्हणजे आपल्या घोलवडच्या पलीकडे थुंकलं तर तिच्या अंगणात पडेल. मी बोललो, मी चिखल्याचा, तर बाई खुर्चीतून उठलीच. पहिला प्रश्न, "चिकू लाव्यो?" म्हणजे चिकू आणलेस का. मग मला सगळं समजावलं ते गुजरातीत, मधूनमधून आपल्या मराठीत, आणि मी न समजता मान हलवली की परत पहिल्यापासून. इंग्रजीत सांगितलं असतं तर मी आजही आतड्याला नुसती नळी समजत बसलो असतो.

पहिल्या दिवशी मला गोड पाणी पाजलं. एवढं गोड की लग्नातलं सरबत त्यापुढे मीठपाणी. एक हात गरम पेटीत ठेवलेला, पाव शेकतात तसा, आणि त्या हातातून थोड्या थोड्या वेळाने रक्त काढत होते. पुढच्या खेपेला तोंडाने काहीच नाही, तीच साखर नळीने सरळ शिरेत. युक्ती अशी की दोन्ही दिवशी रक्तात साखर सारखीच चढली पाहिजे. आता मामा, साखर तेवढीच, माणूस तोच, पेटी तीच. साखर आवरायला पोटातून जे इन्सुलिन सुटतं ते दोन्ही दिवशी सारखंच सुटायला पाहिजे की नको? नाही! तोंडाने प्यालो त्या दिवशी भरभरून सुटलं, शिरेतून दिली त्या दिवशी कंजुषी. मी दक्षाबेनला विचारलं, असं कसं? तोंडाने प्यालेली साखर काय चिठ्ठी घेऊन जाते का पुढे? ती म्हणाली, चिठ्ठी साखर नाही नेत, आतडं पाठवतं. मामा, माझ्या अंगावर काटा आला. ज्या आतड्याला आपण आयुष्यभर नुसतं भरायचं आणि रिकामं करायचं काम दिलं, ते आतडं निरोप पाठवतं!

हे मी माझ्या डोक्यात आपल्याकडच्या रस्त्यावर बसवून घेतलं, म्हणजे विसरायला नको. तोंड म्हणजे तलासरी. तिथून मालाचा टेम्पो हायवेला लागला, तो हायवे म्हणजे आतडं. चारोटीला वळला की डहाणूचा बाजार, म्हणजे आपलं रक्त. बाजारात हमाल लागतात क्रेट उतरवून घराघरात न्यायला. ते हमाल म्हणजे इन्सुलिन, आणि त्यांचा मुकादम पोटात मागे बसलेला, स्वादुपिंड म्हणतात त्याला, सावलीत झोपणारा. आता चारोटीच्या नाक्यावर वड्यांच्या ठेल्यावरची बुधीबाई आठवते ना? जी टेम्पोचा आवाज ऐकून सांगते की आत चिकू आहे की मिरची? तीच! टेम्पो दिसला की बुधीबाई मुकादमाला फोन लावते, "उठ रे, माल येतोय, माणसं उभी कर." एवढ्यावर थांबत नाही ती. पोटाच्या फाटकाला ओरडते, "एकेक सोड, घाई नको." आणि मेंदूला कळवते, "आता पुरे, ताटावरून उठ." शिरेतून साखर देणं म्हणजे हेलिकॉप्टरने बाजारात क्रेट टाकणं. बुधीबाईला पत्ता नाही, मुकादम घोरतोय, रस्त्यावर माल पडून. दक्षाबेनला हे सांगितलं तर ती हसून हसून टेबलावर डोकं ठेवून बसली आणि बोलली, अगदी काट्यावर नाही, पण गाडी चालेल.

आणि आता पित्त. मामा, आपण पित्ताला किती शिव्या दिल्या असतील! डोकं दुखलं, पित्त. उलटी झाली, पित्त. तुम्ही मामीवर ओरडलात, पित्त. आणि ते बिचारं काय करतं तर लिव्हरमधून निघतं, पिशवीत थांबतं, आणि जेवणात तेलतूप, मासा, डाळ आली की हायवेवर उतरून तेलाचा चिकटा धुतं, टेम्पो धुणाऱ्या माणसासारखं. एवढंच मला वाटलं होतं. पण हा धुणारा धूत धूत चारोटीपर्यंत जातो आणि जाता जाता बुधीबाईच्या ठेल्यावर टकटक करतो, "बाई, फोन लाव!" पित्तच उठवतं तिला! आणि काम झालं की फुकट जात नाही. चिकूचे क्रेट बाजारातून रिकामे परत येतात ना बागेत, तसं पित्त नाक्यावरून उचलून परत लिव्हरला, पुढच्या जेवणाला तयार. तुमचा एक क्रेट हरवला की तुम्ही दोन दिवस जेवत नाही, शरीर तुमच्यावरच गेलंय.

याचा पण प्रयोग झाला. पित्तातला एक भाग, शुद्ध केलेला, तोललेला, बुधीबाईच्या ठेल्याच्या अंगाला सोडून बघायचा होता. आता ठेला पडला आतड्याच्या शेवटाकडे. तलासरीवरून पाठवलं तर वाटेत काय होईल भरवसा नाही, म्हणून जवळचा रस्ता धरला. (भावेश, रिया शेजारी बसली असेल तर इथे खोकला काढ. जवळचा रस्ता मागून आहे.) मी कुशीवर पडून भिंतीकडे तोंड करून महालक्ष्मीचं नाव घेत होतो आणि दक्षाबेन पडद्याआडून विचारत होती, "भूक लागे छे?" आणि मामा, नव्हती लागत! जो प्रितेश वाढपी थकेपर्यंत उठत नाही त्या प्रितेशने त्या दुपारी इडली परत पाठवली. स्वयंपाकघरात माझीच माणसं घाबरून बघायला आली. बुधीबाईने फोन लावला होता ना मेंदूला!

मी तसाच उठलो, गच्चीवर पळालो आणि तुम्हाला फोन केला. आठवतंय? पहिलं वाक्य, "मामा, साखरेची चावी पित्तात आहे!" दुसरं वाक्य, "पित्त जागेवर पोचलं की साखर उतरते!" तिसरं वाक्य 'पण'पासून सुरू होत होतं. त्या 'पण'वर तुम्ही म्हणालात, "बरं, ठेव."

पुढचं मला मामीने सांगितलं. मामा, आपल्या घरात मासा साफ करायचा पहिला धर्म काय? पित्ताची पिशवी फुटता कामा नये. फुटली की सगळं कालवण कडू आणि मामीची सासू पुन्हा जिवंत होऊन ओटीवर येते. चाळीस वर्षं मामीने ती हिरवी पिशवी दोन बोटांत धरून मांजरालासुद्धा दिली नाही. आणि तुम्ही त्याच संध्याकाळी विळीपाशी जाऊन उभे राहिलात आणि म्हणालात, "पित्त टाकू नको, वाटीत ठेव." मामीला वाटलं बाहेरची बाधा झाली. तुम्ही बोललात, "भाचा दवाखान्यात आहे, त्याने सांगितलंय." (माझ्या बोलण्याला आयुष्यात पहिल्यांदा मान मिळाला तोही असा.) दुसऱ्या दिवशी तलासरीच्या मासेवाल्या चिमणला निरोप, की धरणातल्या मोठ्या रोहूचं पित्त माझ्यासाठी राखून ठेव. आणि रोज जेवणाच्या वेळी एक पिशवी, डोळे मिटून, ताकाच्या घोटाबरोबर, न चावता! वर ओटीवर बसून चिखल्याला भाषण, की आपल्या पूर्वजांनी एवढे मासे खाल्ले आणि औषध तेवढं फेकून दिलं.

हे मी दक्षाबेनला हसत हसत सांगायला गेलो. ती हसली नाही. बोलली, "अरे भाई, तारा मामाने हमणां ज फोन कर!" म्हणजे तुझ्या मामाला आत्ताच्या आत्ता. मामा, माशाचं पित्त विष आहे. रोहू, कटला, असल्या माशांचं तर आणखीच. शिजवलं तरी जात नाही. साखर जाईल म्हणून गिळलेली माणसं तिने स्वतः बघितली आहेत, आधी उलट्या, मग लघवी बंद, मग किडनीच्या मशीनवर. माणसाचं पित्त आपल्या वेळेला आपल्या रस्त्याने जातं, त्याला माशाची मदत नको. मी लगेच फोन लावला होता. तुम्ही पहिल्या वाक्याला बोललात, "तूच सांगितलंस, आता तूच फिरतोस? बरं, ठेव." मग मी मामीला लावला. तिकडे काय ठरलं ते खाली आहे. आजवर जे गिळलंत त्याची काळजी करत पळू नका, खालपर्यंत वाचा. भावेश, त्यांना धर.

आता डबीचं. तुमच्या दोन गोळ्यांपैकी छोटी कुठली ते मी मामीकडून फोटो मागवून दक्षाबेनला दाखवलं. मामा, बसा नीट. बुधीबाईने मुकादमाला फोन लावला, की रक्तात एक इसम असतो त्याचं काम एकच, तो फोन तोडायचा. दोन मिनिटांत कट! पूर्ण बोलूच देत नाही. दक्षाबेनने त्याचं लांबलचक नाव सांगितलं, मला काही जमलं नाही, मी त्याला मनात धोंडूमामा म्हणतो. (रागावू नका, दुसरं कोण सुचणार?) तुमची छोटी गोळी त्या धोंडूमामाचा हात धरून ठेवते. फोन चालू राहतो, बुधीबाई पूर्ण बोलते, मुकादम उठतो. आणि तुमचा मुकादम आता वयाने कानाने मंद झालाय, त्याला पूर्ण ऐकल्याशिवाय काही होत नाही. मोठी गोळी लिव्हरकडचं काम बघते. डबी देवीच्या पायाशी ठेवलीत की पोटातल्या पोटात 'बरं, ठेव' सुरू. मग अक्षरं आज पुसट दिसतात, उद्या चिकू पिकलाय की कच्चा तेही दिसणार नाही. देवीला तुमची गोळी काय करायची आहे? तिला साखर नाही. तिला पहिल्या तोडीचे चिकू वाहा, डबी खिशात ठेवा आणि वेळ झाली की तिच्याच अंगणात गोळी घ्या. गोळी कमी करायची की नाही ते डहाणूचा डॉक्टर सांगेल, रोहू नाही.

एवढं बोललो आणि तुम्ही मधे तोडलं नाहीत, याचं मला इथे बसून रडू येतंय. मोठ्यांना पाया पडणं, रियाला पेपरात सुचणं आणि मांजराला त्याचा हक्काचा काटा, एवढं माझ्यातर्फे करा.

तुमच्या मते रिकामटेकडा, माझ्या मते प्रयोगातला,
प्रितेश

ता. क. भावेश, हे वाचायच्या आधी मामीला मागच्या दारी बसव आणि दार उघडं ठेव. मामा, तुम्ही माशाचं पित्त एकदाही गिळलेलं नाही. मामीने पहिल्याच दिवशी पिशवी चुलीत टाकली आणि तुम्हाला दिलं ते काडेचिराइताच्या काढ्यात रात्रभर बुडवलेलं हिरवं द्राक्ष. चिमणकडून आलेल्या सगळ्या पिशव्यासुद्धा चुलीतच गेल्या. मला मामीने शपथ घातली होती की सांगायचं नाही, पण तुम्ही डबी वाहायला निघालात म्हणून शपथ मोडली. तेव्हा चिखल्याला भाषण दिलंत ते द्राक्षावर.

दुसरा ता. क. मग साखर उतरली कशाने? तुम्हाला मामीने पित्ताचं कडक पथ्य सांगितलं होतं ना, की आधी भाजी आणि मासा, मग भात, तोही शेवटी आणि निम्मा, आणि जेवून उठल्यावर किनाऱ्यापर्यंत चालून यायचं, आणि 'चाखायला' म्हणून झाडाझाडाखाली चिकू फोडायचे नाहीत, नाहीतर पित्त उलटेल? ते पथ्य मी सांगितलं होतं, दक्षाबेनला विचारून. भाजी-मासा पुढे गेला की बुधीबाईला आधी खबर लागते, भात मागून येईपर्यंत हमाल उभे. साखर त्याने उतरली, आणि गोळ्यांनी. तुम्ही साधं सांगून ऐकलं नसतंत. कडू आहे, चोरून आहे, भाच्याचं डोकं आहे आणि डॉक्टरच्या विरुद्ध आहे, म्हटल्यावर आठ-पंधरा दिवस काटेकोर पाळलंत. मामीला रागावू नका. डॉक्टर होण्यापासून तिला फक्त तुमच्या घरच्या म्हशींनी अडवलं.

तिसरा ता. क., आणि मग खरंच ठेवतो. प्रयोगात माझं रक्त बघितलं ना, त्यात माझीच साखर काठावर निघाली. या वयात. दक्षाबेन बोलली, अजून रोग नाही, पण मुकादम जांभया देतोय, आजपासून चालायला लाग आणि भात मागे ढकल. तिने विचारलं घरात कुणाला आहे का, मी तुमचं नाव सांगितलं, आणि सांगताना पहिल्यांदा भीती वाटली. आईला कळवू नका. इथे स्वयंपाकघरात उभं राहून भात शेवटी खाणं माझ्या एकट्याने होत नाही, संध्याकाळी चालायला निघालो की पाय आपोआप खाटेकडे वळतात. तर एक मागणं आहे. तुम्ही जेवून किनाऱ्याकडे निघालात की मला फोन लावा. मी इथे निघतो. बोलायचं काही नाही, तुम्हाला आवडत नाही ते माहीत आहे. तुमच्या चपलांचा आणि समुद्राचा आवाज आला तरी पुरे. फक्त घरी पोचेपर्यंत ठेवू नका.